फौजेचा खर्च आणि आठ रुपयांचा मतदार

ब्रिटिश पार्लमेंटने १९३५ साली संमत केलेला हिंदुस्थान सरकारचा कायदा हा त्या पार्लमेंटच्या सर्वांत लांबलचक कायद्यांपैकी एक गणला जातो. कलमे ३२१ आणि परिशिष्टे १०. शाळेतल्या इतिहासात 'प्रांतिक स्वायत्तता' या दोन शब्दांवर त्याची बोळवण होते. परंतु या ग्रंथवजा कायद्यात दोन तरतुदी अशा आहेत की, त्या एकमेकींपासून शेकडो कलमांच्या अंतरावर असल्यामुळे सहसा कोणी त्या जोडीने वाचत नाही. पहिली कलम ३३ मध्ये आहे. संरक्षणावर होणारा खर्च हा महसुलावर 'भारित' राहील, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या मतास टाकला जाणार नाही, असे ते कलम सांगते. दुसरी आहे सहाव्या परिशिष्टात. मत कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाही, याचे प्रांतवार नियम तेथे बारीकसारीक तपशिलासह दिलेले आहेत. मतदार कोण हे ठरविणारा आणि मतदाराचा हात कोठवर पोहोचू नये हेही ठरविणारा कायदा एकच होता.

या दोन तरतुदी आम्ही येथे एकत्र वाचू इच्छितो, आणि त्या नगरच्या भूमीवरून वाचू इच्छितो. त्याला कारण आहे. आज अहिल्यानगर हे नाव धारण करणाऱ्या या जिल्ह्यात एका बाजूला भुईकोट किल्ला आणि लष्करी छावणी आहे. दुसऱ्या बाजूला केंदळ, वळण, राहाता, संगमनेर, हरेगाव या मिशनच्या गावांतून आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी मोलमजुरी करीत, मास्तरांकडून मुळाक्षरे गिरवीत वाढली. कायद्याची ही दोन टोके येथे एकमेकांपासून दिवसभराच्या बैलगाडीच्या वाटेवर होती.

गोष्टीची सुरुवात मात्र आणखी मागे, पहिल्या महायुद्धात होते. १९१७ च्या मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंडांची 'देणगी' दिली. देणगी हा शब्द आम्ही अवतरणात टाकतो, कारण ज्यांच्या सारापट्टीतून ती उभी राहावयाची होती त्यांना कोणी विचारले नव्हते. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने देण्याचे आश्वासन दिले. लाखो हिंदी शिपाई परमुलखात लढत असताना आणि तिजोरीतून असा पैसा जात असताना काहीतरी पदरात घालणे राज्यकर्त्यांना भागच होते. त्या आश्वासनातून १९१९ चा कायदा आला. काही लोकांना मत मिळाले, कायदेमंडळे मोठी झाली. पण अंदाजपत्रकातील काही रकमा मध्यवर्ती कायदेमंडळाच्या मतास टाकावयाच्या नाहीत असे त्याच कायद्याने ठरविले. त्यांत संरक्षण होते, राजकीय खाते होते, आणि आपल्या वाचकांना नवल वाटेल अशी आणखी एक बाब होती: धर्मखाते.

या धर्मखात्याविषयी थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे, कारण त्यावरून पुष्कळ गैरसमज झाले. 'इंग्रज सरकार मिशनला पैसा पुरवीत असे' हे वाक्य आजही गावोगावी ऐकू येते. मतास न टाकला जाणारा हा पैसा प्रामुख्याने अँग्लिकन आणि स्कॉटिश चर्चच्या सरकारी पाद्र्यांच्या पगाराचा होता. गोऱ्या सैनिकांची व अधिकाऱ्यांची उपासना चालविणे हे त्यांचे काम. छावणीतील आयरिश शिपायांसाठी काही कॅथलिक धर्मगुरूंनाही भत्ता मिळे. १९३५ च्या कायद्याने या खात्यावर निवृत्तिवेतन वगळून वर्षाला ४२ लाख रुपयांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे हा खर्चही मुळात फौजेच्याच सोयीचा होता. केंदळच्या माळावर झोपडीवजा शाळा चालविणाऱ्या फादरांशी त्याचा संबंध नव्हता.

उलट, फौजेच्या सुरक्षेची खरी झळ या मिशनला लागली ती वेगळ्याच प्रकारे. नगर जिल्ह्यातील कॅथलिक मिशन हे त्या काळी जर्मन येशूसंघीयांच्या हाती होते. १९०३ साली केंदळ येथून 'निरोप्या' सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हे त्यांच्यापैकीच. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. १९१४ साली युद्ध पेटताच जर्मन माणूस हा शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला. नगरला जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांसाठी मोठा बंदिवास उभारण्यात आला. अनेक जर्मन धर्मगुरू स्थानबद्ध झाले आणि पुढे मायदेशी धाडले गेले. बिशप डोरिंग यांना तर पुण्यास परतता आले नाही. मधली काही वर्षे त्यांनी जपानात हिरोशिमा येथे काढली आणि १९२७ नंतरच ते आपल्या धर्मप्रांतात पुन्हा आले. राष्ट्राच्या सुरक्षेचा निर्णय दूर कोठेतरी होतो आणि त्याचा फटका एखाद्या खेड्यातल्या शाळेला बसतो, हे आपल्या धर्मग्रामांनी फार लवकर अनुभवले.

आता मताकडे वळू. १९१९ च्या सुधारणांनुसार मुंबई इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ग्रामीण मतदार होण्यासाठी निदान ३२ रुपये सारा असलेली जमीन लागे. ज्यांनी नगर जिल्ह्याची जिराईत पाहिली आहे त्यांना हा आकडा काय सांगतो ते समजावून द्यावयास नको. अवर्षणाच्या पट्ट्यात, हलक्या मुरमाड जमिनीवर, एकरी सारा आण्यांत मोजला जाई. ३२ रुपये भरणारा म्हणजे गावातला मोठा बागायतदार किंवा सावकार. महारवाड्यातील कुटुंबाच्या वाट्याला येणारी वतनी जमीन भाऊबंदांत वाटली जाऊन इतकी तुटपुंजी झालेली असे, की तिच्यावरून कोणी मतदार होण्याचा प्रश्नच नव्हता. आपले बहुसंख्य पूर्वज याच वस्तीतून ख्रिस्तसभेत आले. तेव्हा १९२० च्या दशकात मुंबईच्या कायदेमंडळात कोण बसावे हे त्यांना कोणी विचारले नाही, हे उघड आहे.

जमिनीखेरीज आणखी एक दरवाजा होता, आणि तो थेट छावणीत उघडत असे. सरकारी फौजेतून निवृत्त होऊन पेन्शन घेणारा शिपाई, मग त्याची जमीन असो वा नसो, मतदार होई. मत आणि फौज यांची गाठ येथे पक्की बांधलेली दिसते. ज्याने साम्राज्यासाठी बंदूक उचलली तो मतास पात्र. वरवर पाहता हा नियम न्याय्य वाटतो. परंतु शिपाई कोणाला होता येत होते?

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांची संख्या मोठी होती. १८९० च्या दशकात 'लढाऊ जमाती'चे तत्त्व पुढे करून सरकारने महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला; उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसांचा तुटवडा पडला तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. १९४१ साली महार रेजिमेंट नव्याने उभी राहीपर्यंत त्यांना स्वतःची पलटण नव्हती. परिणाम असा की, ज्या काळात पेन्शनीवर मत मिळत होते त्याच काळात पेन्शन मिळविण्याची वाट जातीवरून अडविलेली होती. पात्रतेचा नियम कागदावर सर्वांना सारखा असतो. तो पाळण्याची साधने कोणाच्या हाती आहेत हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

१९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखालील मताधिकार समितीने हा पाया रुंदावण्याची शिफारस केली आणि १९३५ च्या सहाव्या परिशिष्टाने ती बव्हंशी उतरवून घेतली. मुंबई इलाख्यात ३२ रुपयांचे ८ रुपये झाले. मॅट्रिक किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला शिक्षणावरून मत मिळाले. शिपायांचा दरवाजा कायम राहिला, इतकेच नव्हे तर शिपायाची पेन्शन घेणारी विधवा किंवा माता हिलाही तो उघडला. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात मतदारांची संख्या सुमारे ३ कोटींपर्यंत गेली. प्रौढ माणसांपैकी बहुसंख्य तरीही बाहेरच होते.

या परिशिष्टात आपल्या दृष्टीने दोन गोष्टी विलक्षण आहेत.

पहिली आहे स्त्रियांची. मुंबई इलाख्यात पुरुषाला शिक्षणावरून मत हवे असेल तर मॅट्रिकचा दाखला लागे. स्त्रीला मात्र लिहितावाचता येते एवढे सिद्ध केले की पुरे. मिशनच्या शाळेचे मोल येथे एकाएकी निराळेच दिसू लागते. शेजारच्या वाड्यातल्या बागायतदाराची निरक्षर सून नवऱ्याच्या मिळकतीवर विसंबून असताना, मास्तरांच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली आणि एकवीस वर्षे पूर्ण केलेली मजुराची मुलगी कायद्याने स्वतःच्या हक्काची मतदार होऊ शकत होती. तिच्याच भावाला मात्र तेवढ्याच चार इयत्तांवर मत नव्हते. सरस्वती, धोंडाबाई किंवा मरियम अशा नावाच्या किती स्त्रियांनी प्रत्यक्षात मामलेदार कचेरीत जाऊन आपली सही करून दाखविली असेल, हा भाग वेगळा. पण कापडी पिशवीत प्रार्थनेचे पुस्तक बाळगणाऱ्या त्या पिढीला वाचता येत होते आणि त्या वाचण्याला राजकीय किंमत आली होती, हे विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. अनुसूचित जातींसाठी पात्रता सौम्य केलेली होती. साक्षरता पुरेशी होती. गावकीची कनिष्ठ कामे करणाऱ्यालाही मत मिळे. म्हणजे वेशीवर राबणाऱ्या, सरकारी टपाल पोहोचविणाऱ्या वतनदार महाराला त्या कामावरून का होईना, मतदारयादीत जागा मिळाली. पुणे करारानुसार सर्वसाधारण मतदारसंघांत त्यांच्यासाठी राखीव जागाही होत्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांत त्या १५ होत्या. मग १९३६ साली अनुसूचित जातींची यादी प्रसिद्ध झाली आणि तिच्यासोबत एक वाक्य आले: कोणताही हिंदी ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही.

एकाच महारवाड्यातील दोन सख्खे भाऊ डोळ्यांसमोर आणा. दोघेही चार अक्षरे शिकलेले, दोघांच्याही जमिनीचा सारा आठ रुपयांच्या खाली. एकाने स्नानसंस्कार घेतला, दुसऱ्याने नाही. ज्याने घेतला नाही तो सौम्य अटीवर मतदार झाला. ज्याने घेतला त्याला आता 'हिंदी ख्रिस्ती' म्हणून आठ रुपये किंवा मॅट्रिक दाखविणे आले. आणि त्याने ते दाखविलेच, तर त्याचे मत स्वतंत्र ख्रिस्ती मतदारसंघात जावयाचे. त्या जागा सबंध इलाख्यात तीन. मुंबई आणि वसईकडील जुन्या, शिकलेल्या ख्रिस्ती समाजाला त्या तीन जागांत काही अर्थ असेल. नगरच्या मळ्यांतून ऊस तोडणाऱ्या ख्रिस्ती मजुराला त्यांत फारसा नव्हता. विभक्त मतदारसंघ ही अल्पसंख्याकांवर केलेली मेहेरबानी होती असे ज्यांना आजही वाटते त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

१९३७ च्या निवडणुका याच यादीवर झाल्या. नगर दक्षिणमधून डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम निवडून आले. काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळून खेर मंत्रिमंडळ आले. हे सारे प्रांतात. केंद्रात १९३५ च्या कायद्यातील संघराज्याचा भाग कधी अमलातच आला नाही. तेथे १९१९ चीच घडी चालू राहिली आणि तिच्याबरोबर संरक्षणखर्च मतास न टाकण्याचा नियमही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले तेव्हा लोकप्रतिनिधींना विचारण्याची गरज त्याला भासली नाही, यात आश्चर्य काही नाही. वीस वर्षे जे पैशाबाबत चालले तेच आता युद्धाबाबत झाले. काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामे देऊन बाहेर पडली.

आणि मग ऑगस्ट १९४२ मध्ये नगरचा किल्ला पुन्हा भरला. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद येथे खटल्यावाचून डांबण्यात आले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच लिहिले. युद्धाच्या आरंभी जर्मन नागरिकांनाही पुन्हा नगरमध्येच ठेवण्यात आले होते. एका शहरात परकीय शत्रू आणि देशाचे निवडून आलेले पुढारी हे दोघेही 'सुरक्षे'च्या एकाच नावाखाली बंदिस्त झाले.

स्वतंत्र भारताच्या संविधानसभेने ही जुनी गाठ दोन्ही टोकांनी सोडविली. या सभेचे बहुसंख्य सभासद त्याच मर्यादित मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक विधानसभांनी पाठविले होते, म्हणूनच त्यांनी केलेले काम अधिक मोलाचे वाटते. अनुच्छेद ३२६ ने सारा, दाखला, पेन्शन या सर्व अटी पुसून प्रौढ मताधिकार दिला. अनुच्छेद ३२५ ने धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणालाही यादीतून वगळण्यास मनाई केली आणि प्रत्येक मतदारसंघासाठी एकच यादी ठेवली. अनुच्छेद ११२ मध्ये 'भारित' खर्चाची यादी आहे; तीत राष्ट्रपतींचे वेतन आहे, न्यायाधीशांचे आहे, कर्जफेड आहे. संरक्षण नाही. फौजेचा प्रत्येक रुपया अनुदानाची मागणी म्हणून लोकसभेच्या मतास टाकावा लागतो. १९१९ पासून अडविलेली वाट अशी मोकळी झाली, आणि ज्याच्या मतावर ती मोकळी झाली तो आता आठ रुपयांचा मतदार राहिला नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या यादीत १७ कोटींहून अधिक नावे होती. (त्यांतून सुमारे २८ लाख स्त्रिया गळल्या, कारण त्या स्वतःचे नाव सांगावयास तयार नव्हत्या, 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी नोंद निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वीकारली नाही.)

शिपायाचे मतही राहिले, पण त्याचा अर्थ पालटला. पूर्वी फौज ही पात्रतेची शिडी होती. आता तो इतरांसारखाच नागरिक, फक्त घरापासून दूर असल्यामुळे त्याच्यासाठी टपाली मतदानाची व्यवस्था. नगरच्या आर्मर्ड कोअर केंद्रातील जवान आपल्या मूळ गावच्या यादीत सेवा-मतदार म्हणून नाव ठेवू शकतो. सोबत राहणाऱ्या पत्नीलाही ती सवलत होती. लष्करातील स्त्रीच्या पतीला मात्र ती २०२१ च्या दुरुस्तीनंतर मिळाली. आणखी एक लहानसे पोटकलम आम्हांला किल्ल्याची आठवण करून देते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुरुंगातील माणसाला मत देता येत नाही, मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला देता येते. खटल्यावाचून डांबण्याचे अधिकार नव्या राज्याने सोडले नाहीत, हे खरे; पण डांबलेल्याचे मत तरी काढून घेतले नाही.

पैशाचा कायदा आणि मताचा कायदा एकाच गाठोड्यात बांधण्याचा मोह जगातून गेलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सरकारी खर्चाच्या तात्पुरत्या विधेयकाला मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा करणारा कायदा जोडण्यात आला. सैन्यासह साऱ्या सरकारचा पैसा अडवून मतदाराच्या कागदपत्रांचा प्रश्न सोडवून घ्यावयाचा, असा तो बेत होता. २०२ विरुद्ध २२० मतांनी तो फेटाळला गेला. आपल्याकडे अनुच्छेद ११० प्रमाणे धनविधेयकात केवळ पैशाच्याच बाबी असाव्या लागतात. तरीही २०१७ च्या वित्त कायद्यातून निवडणूक रोखे आले आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते रद्द केले, तोवर सात वर्षे गेली होती. अशा जोडकामात पैसा तातडीचा असतो, म्हणून मताविषयीची चर्चा घाईत उरकली जाते.

संविधानसभेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी काय केले, हे सांगितल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष डॉ. एच. सी. मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती. मद्रासहून आलेले येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा हेही सभासद होते. मे १९४९ मध्ये धर्माच्या पायावरील राखीव जागा रद्द करण्याचा निर्णय झाला, त्याला या दोघांचाही पाठिंबा होता. आमच्या मते तो निर्णय योग्य होता. तीन जागांच्या ख्रिस्ती मतदारसंघाने नगरच्या मजुराला काय दिले ते आपण वर पाहिलेच. परंतु १९३६ चे ते दुसरे वाक्य मात्र नव्या रूपात टिकून राहिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्यात घेण्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये दर्जा आणि धर्म यांची फारकत करण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला.

आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ अगदी जमिनीवर उतरलेला आहे. २००९ च्या निवडणुकीपासून शिर्डी लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्यात अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर आणि नेवासे हे विधानसभा मतदारसंघ येतात. त्यांपैकी श्रीरामपूरही त्याच वर्षापासून राखीव आहे. दर सप्टेंबरला जेथे मतमाउलीच्या यात्रेला लाखो भाविक लोटतात ते हरेगाव याच श्रीरामपुरात. तेथील महारवाड्यातून आलेल्या कुटुंबातला कॅथलिक तरुण या दोन्ही निवडणुकांत बोटाला शाई लावून घेतो. त्याने निवडून दिलेला खासदार लोकसभेत संरक्षण खात्याच्या मागण्यांवर मत देतो, जरी त्या मागण्या अनेक वर्षी चर्चेविनाच संमत होत असल्या तरी. मात्र त्याच तरुणाला त्या दोहोंपैकी एकाही जागेसाठी उमेदवारी अर्ज भरता येत नाही. अर्जासोबत जो जातीचा दाखला लागतो, तो त्याच्या बौद्ध किंवा हिंदू चुलतभावाला मिळतो.